लोहारकाम कोण, कुठं आणि कसं शिकत आलं



खरिपाची अवजारं बाहेर काढायचे दिवस आले. दरवर्षी या दिवसांत एकच अडचण पुढं येते. कुळवाची पास झिजलेली, खुरप्यांना धार नाही, टिकावाचं टोक बोथट. हे सगळं पोत्यात भरलं तरी न्यायचं कुणाकडं? आमच्या शिवाराला लागून असलेल्या पाच गावांत मिळून आज एकच भट्टी पेटते, तीही आठवड्यातून दोन दिवस. भट्टीवरचा माणूस सत्तरीच्या पुढचा.

या हिवाळ्यात मी नवशिक्यांसाठीच्या पाच दिवसांच्या लोहारकामाच्या वर्गाला जाऊन आलो. तिथं हातात हातोडा धरल्यावर डोक्यात प्रश्न सुरू झाला. ही विद्या एवढी वर्षं माणसं शिकत कशी आली? ती आपल्या गावात का संपत आली? आणि वर्ग भरवून ती परत येईल का? थोडं वाचलं, थोडं जुन्या माणसांना विचारलं. ते इथं मांडतो. आज पिकाचं काही नाही, पण विषय शेतीचाच आहे.

पहिला वर्ग घणाचा

जुन्या गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. बलुतेदारांची यादी गावोगाव थोडी बदलते, पण सुतार आणि लोहार बहुतेक ठिकाणी पहिल्या ओळीत असायचे, कारण त्यांच्याशिवाय औत चालत नव्हतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिलं, त्यात ही सगळी व्यवस्था तपशिलानं आहे. ज्याला आपल्या जुन्या गावाचा हिशेब समजून घ्यायचा आहे त्यानं ते वाचावं.

व्यवहार साधा होता. वर्षभर फाळ शेवटायचा, विळे-खुरपी पाजवायची, गाडीच्या चाकाला धाव चढवायची. त्याचा मोबदला सुगीत खळ्यावर धान्याच्या आणि पेंढ्यांच्या रूपात. नवीन वस्तू करायची असली तर लोखंड शेतकऱ्यानं आणायचं. आणि घण मारायला बहुतेक वेळा शेतकऱ्यालाच उभं राहावं लागायचं.

हे शेवटचं नीट लक्षात घ्या. लोहार डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात लहान हातोडा घेऊन बसायचा. समोर शेतकरी किंवा त्याचा पोरगा घण घेऊन उभा. लोहार लहान हातोड्यानं जिथं टिचकी मारेल तिथंच घणाचा घाव घालायचा. त्यानं हातोडा ऐरणीवर वाजवला की थांबायचं. बोलायची गरज नसायची. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी लहानपणी असा घण मारलाय. तेव्हा ते काम वाटायचं, खरं तर तो वर्गच होता. कुठल्या रंगाला लोखंड मऊ असतं, कधी ते घाव घेत नाही, पास कुठं जाड ठेवायची आणि कुठं पातळ करायची, एवढं तरी शेतकऱ्याला कळायचं. त्यामुळं तो अवजार वापरतानाही जपून वापरायचा.

पण अर्धी विद्या लोहाराच्या घरातच राहायची. त्याचा पोरगा सहा-सात वर्षांचा झाला की भात्यावर बसायचा. भाता ओढता ओढता जाळ कसा धरायचा ते कळायचं. मग कोळसा सारणं, मग घण, मग सांडशी. सगळ्यात शेवटी पाणी द्यायचं काम हातात मिळायचं. पाणी देणं म्हणजे तापवलेलं अवजार बुडवून त्याला कडकपणा आणणं. ते चुकलं तर दिवसभराची मेहनत तडकते, म्हणून ते काम बाप सहजासहजी सोडायचा नाही. पुस्तक नव्हतं, माप नव्हतं. बघायचं आणि करायचं. पोरगा तयार व्हायला दहा वर्षं तरी जायची.

घरातल्या बायकाही यात होत्या. गावोगाव पाल ठोकून काम करणारे घिसाडी आपण सगळ्यांनी पाहिलेत. नवरा सांडशी धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण घालतेय, हे रस्त्याकडेचं दृश्य आजही दिसतं. लोहारकाम हे बाप्यांचंच काम असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथं दोन मिनिटं थांबून बघावं.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. लोहाराच्या पोराला दुसरं काही करायची मोकळीक नव्हती आणि दुसऱ्याच्या पोराला लोहारकाम करायची मुभा नव्हती. दुष्काळ पडला की खळ्यावर धान्य नाही, म्हणजे लोहाराच्या घरात चूल नाही. पण फाळ मात्र शेवटून द्यायचाच. मोबदला कमी मिळाला म्हणून त्याला काम अडवता येत नव्हतं. म्हणून शाळा आली, गिरणी आली, शहरात कारखाने आले, तेव्हा लोहाराचा पोरगा भट्टी सोडून गेला यात त्याची काही चूक नाही. आपणही तेच केलं असतं. चूक व्यवस्थेत होती. एवढी मोठी विद्या एकाच घरात कोंडून ठेवली, आणि ते घर निघून गेल्यावर गावात ती जाणणारं कुणी उरलं नाही.

सह्याद्रीतलं विझलेलं लोखंड

अशी कोंडलेली विद्या खरंच संपते का? याचं उदाहरण आपल्याच मुलखात आहे.

पूर्वी लोखंड बाहेरून यायचं नाही. महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जंगलातला कोळसा वापरून दगडातून लोखंड गाळायचे. लहान मातीच्या भट्ट्या, भाते आणि लाकडी कोळसा, एवढ्यावर काम चालायचं. पुढं इंग्रजांच्या राज्यात विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागलं. 1853 साली मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू झाली, नंतर ती घाटावर चढली, आणि ते लोखंड बाजाराच्या गावापर्यंत पोचलं. दुसरीकडं 1878 च्या जंगल कायद्यानं जंगलावर सरकारचा ताबा पक्का झाला आणि कोळसा पाडणं अवघड झालं. दोन्ही बाजूंनी धावड अडकले. त्यांच्या भट्ट्या विझल्या.

ती विद्या कुणी वर्गात शिकवली नव्हती, दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. आज लोखंड गाळण्याची गरज आपल्याला नाही, कारखाने आहेत, म्हणून त्याचं दुःख जाणवत नाही. पण पास शेवटायची आणि खुरप्याला पाणी द्यायची गरज संपलेली नाही. म्हणून लोहाराच्या भट्टीची तीच गत होऊ द्यायची का, हा प्रश्न शिल्लक आहे.

एका शिंप्याचा पोरगा

आता थोडं लांब जाऊ. हिरवा-पिवळा जॉन डिअर ट्रॅक्टर तुम्हाला माहीत आहे. ते नाव एका लोहाराचं आहे, हे किती जणांना माहीत आहे?

जॉन डिअर अमेरिकेत 1804 साली जन्मला. बाप शिंपी. बाप लवकर गेला, आईनं घर चालवलं. 1821 साली हा पोरगा व्हरमाँट राज्यात एका लोहाराकडं शिकाऊ म्हणून राहिला आणि चार वर्षं काम शिकला. तिकडं शिकाऊ ठेवायची रीत होती. ठरलेली वर्षं उस्तादाकडं राहायचं, काम करायचं, शिकायचं, आणि मुदत संपली की आपला धंदा करायला मोकळं. ती रीतही काही गोड नव्हती, पोरांकडून काम भरपूर करून घ्यायचे. पण शिंप्याचा पोरगा लोहार होऊ शकत होता, हा मोठा फरक.

पुढं तो इलिनॉय राज्यात गेला. तिथली जमीन चिकट, काळी, आपल्या काळ्या रानासारखी. पूर्वेकडून आणलेले बिडाचे नांगर तिथं चालेनात. माती नांगराला चिकटून बसायची आणि शेतकरी थांबून थांबून ती खरडायचा. डिअरनं 1837 साली लाकूड कापायच्या मोडक्या करवतीच्या पोलादाचं पातं घेतलं, त्याला बाक दिला, गुळगुळीत घासलं आणि नांगराला बसवलं. माती त्यावरून घसरून पडायला लागली. भंगारातलं चांगलं पोलाद ओळखून त्यातून कामाची वस्तू करणं, हे आपल्या गावचा लोहार ट्रकच्या पाट्यापासून कोयता करतो तसंच. फरक एवढाच की तिथल्या लोहाराला धंदा वाढवायची वाट मोकळी होती.

तिथंही पुढं घोडे गेले, ट्रॅक्टर आले आणि गावोगावचे लोहार बंद पडले. आपल्याकडं आत्ता चाललंय ते तिकडं आधी होऊन गेलं. पण तिथल्या काही लोकांनी वेळेत एक गोष्ट केली. नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्रासटाउन या खेड्यात 1925 साली डेन्मार्कच्या लोकशाळांच्या धर्तीवर एक शाळा निघाली होती, जॉन सी. कॅम्पबेल यांच्या नावाची. तिथं परीक्षा नाही, गुण नाहीत, हातानं काम करत शिकायचं. अशा ठिकाणी लोहारकामाचे आठवड्याचे वर्ग भरू लागले. 1973 साली तिकडच्या लोहारांनी आपली संघटना बांधली. हाताशी उरलेल्या जुन्या लोहारांना शिकवायला उभं केलं, आणि कुणीही यावं, कुठल्याही घरातलं, असं ठेवलं. आज तिथं बरेच जण छंद म्हणून शिकतात. आपल्याला छंद परवडत नाही, आपली गरज वेगळी आहे. पण जुना माणूस हयात आहे तोवर त्याला शिकवायला बसवायचं, हे घेण्यासारखं आहे.

लोखंडी नांगर आणि माळावरचा कारखाना

आता परत आपल्याकडं. 1882 साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचंही व्यवहारी ज्ञान द्यावं असं सांगितलं. 1887 साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. यंत्रकाम वर्गात बसून शिकता येतं, त्याला घराणं लागत नाही, ही गोष्ट अशा संस्थांमुळं आपल्याकडं रुजायला लागली.

त्याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर शिक्षक होते. ते मुळात चित्रकला शिकायला मुंबईला गेले होते, पण काही रंग ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर रंगकाम सोडून यंत्रांची चित्रं काढायला शिकले. लोहाराच्या घरातला जन्म नाही. पुढं बेळगावला येऊन सायकलचं दुकान काढलं, कडबा कापायचं यंत्र केलं, आणि 1903 साली लोखंडी नांगर.

त्या वेळी आपल्या काळ्या रानात लाकडी नांगर चालायचा, त्याला खोल नांगरटीला सहा-आठ बैल जुंपायला लागायचे. लोखंडी नांगर हलका आणि खोल चालणारा. तरी शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढं बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगानं भरलेला माळ दिला. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी वसली. आसपासच्या खेड्यातली माणसं कारखान्यात आली आणि काम करता करता शिकली. ज्यांच्या घरात कधी ऐरण नव्हती, त्यांच्या हातात लोखंड आलं.

पण या नांगरानं गावच्या लोहाराचं काम बदललं. साच्यात ओतलेला नांगर, त्याचे भाग सगळे सारख्या मापाचे. फाळ झिजला की बोल्ट काढून दुसरा बसवायचा. लोहाराकडं न्यायची गरज कमी झाली. पुढं ट्रॅक्टर, पलटी नांगर, रोटाव्हेटर आले तसं ते आणखी कमी झालं. वेल्डिंगचं दुकान कोपऱ्याकोपऱ्यावर आलं. शेतकऱ्याला फायदाच झाला, त्यात वाद नाही. पण हाताच्या अवजारांचा प्रश्न तसाच राहिला. वेल्डिंगवाला तुटलेलं जोडून देतो, पाणी देऊन देत नाही. उलट वेल्डिंगच्या आचेनं आधीचं पाणी उतरतं आणि धार दोन दिवसांत जाते.

सरकारी आणि बिनसरकारी वर्ग

1937 साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद झाली. मुलानं हाताच्या कामातून शिकावं, ही नई तालीमची कल्पना तिथं पुढं आली. 1950 साली देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिलाच आपण आयटीआय म्हणतो. तिथं लोखंड घडवायचा आणि त्याला पाणी द्यायचाही ट्रेड आहे, पण आपल्या पोरांची ओढ फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनकडं. नोकरी तिकडं आहे, म्हणून दोष देता येत नाही.

खेड्यासाठी मला सगळ्यात पटलेलं काम पाबळचं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं हे दुष्काळी गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून 1983 साली तिथं आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली, नापास झालेली पोरं घेतली. वर्षभर तिथंच राहायचं आणि लोखंडकाम, बांधकाम, वीज, पाणी, शेती, जनावरं हे सगळं थोडं थोडं हातानं करायचं. सराव म्हणून लोखंड कापून फेकायचं नाही, कुणाला तरी लागणारी वस्तू करायची. गावाचं काम हीच शाळा. पुढं अशाच धर्तीवर हायस्कूलच्या पोरांसाठीही मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय काही शाळांत सुरू झाला. डॉ. कलबाग 2003 साली गेले, काम चालू आहे.

आणि अलीकडचं म्हणजे 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना. त्यात 18 व्यवसाय आहेत, लोहार त्यातला एक. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि पुढं कमी व्याजाचं कर्ज. चांगली गोष्ट आहे. फक्त ती परंपरेनं त्या धंद्यात आधीपासून असलेल्या कारागिरासाठी आहे. ज्याच्या घरात भट्टी नव्हती पण ज्याला आज शिकायचंय, त्याची सोय त्यात होत नाही. आपल्या भागात तर परंपरेतली पोरंच भट्टीवर उरली नाहीत. म्हणून नवशिक्यासाठी उघडा वर्ग वेगळा लागतो.

पाच दिवसांत काय शिकवतात

आम्ही अकरा जण होतो. दोन पोरी, एक आयटीआयचा विद्यार्थी, बाकी शेतकरी. एक पोरगा लोहाराच्याच घरातला, शहरात मशीनवर काम करतो, रजा टाकून आला होता. आजोबांची भट्टी होती, पण त्यानं कधी सांडशी धरली नव्हती. शिकवणारे काका सत्तरीचे.

पहिला दिवस जाळाचा. हल्ली भात्याऐवजी पंखा असतो, पण वारा किती सोडायचा ते शिकावंच लागतं. वारा जास्त झाला की लोखंडावर खवले धरतात आणि ते जळतं. मग चौकोनी सळईला टोक काढायचं. टोक आधी चौकोनीच काढायचं, मग कडा मारून अष्टकोनी, शेवटी गोल. थेट गोल करायला गेलं की आत चीर पडते.

दुसऱ्या दिवशी वाकवणं, छिन्नीनं गरम तोडणं, भोक पाडणं. तिसऱ्या दिवशी लोखंड ओळखणं. हे शेतकऱ्याला फार उपयोगी आहे. साधी सळई आणि पट्टी यांत कार्बन कमी असतो, तिला कितीही पाणी द्या, ती कडक होत नाही. ट्रकच्या पाट्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून तो कडक होतो. ग्राइंडरला लावून ठिणगी बघायची. साध्या लोखंडाची ठिणगी लांब आणि सरळ जाते, पाट्याची ठिणगी फुलबाजीसारखी फुटते. बाजारातलं स्वस्त खुरपं आठ दिवसांत का बोथट होतं, त्याचं उत्तर या ठिणगीत आहे. एक सूचना इथंच देतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो.

चौथा दिवस पाण्याचा. काकांनी आधी छपराच्या बाजूला गोणपाटं लावून अंधार केला. उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग फसवतो, म्हणून लोहाराची भट्टी कायम अंधाऱ्या छपरात असते. मला हे एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. पाटा तापवत न्यायचा. साधारण 770 अंशांना लोखंडाला चुंबक चिकटायचं बंद होतं. त्याच्या किंचित वर, पिकलेल्या करवंदाच्या आतल्या लालीपेक्षा उजळ झालं की तेलात बुडवायचं. पाट्याला पाणी नको, तडा जातो. एवढ्यानं अवजार कडक होतं पण ठिसूळही होतं, दगडाला लागलं की तुकडा उडेल. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि पाठीच्या बाजूनं गरम जाड लोखंडावर ठेवायचं. हळूहळू रंग धारेकडं सरकतात. आधी फिका पिवळा, साधारण 230 अंशांना. मग गडद पिवळा, तपकिरी, 280 च्या आसपास जांभळा, 300 ला निळा. वस्तऱ्यासारखी धार हवी तर पिवळ्यावर थांबायचं. मातीत, दगडात चालणाऱ्या अवजाराला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, मग ते मोडत नाही.

हे अंश मी तुम्हाला लिहून दिले, पण लिहून शिकता येत नाही. काका म्हणाले, "दादा, रंग सांगून कळत नाही, दाखवायला लागतो. माझ्या बापानं मला दाखवला, मी तुम्हाला दाखवतो." लोहाराच्या घरातल्या त्या पोरानं तीन वेळा पाणी दिलं, तिसऱ्या वेळी बरोबर जमलं. काकांनी त्याची छिन्नी कानशीनं घासून बघितली, कानस घसरली. काही बोलले नाहीत, फक्त त्याच्या हातात आपली सांडशी दिली.

पाचव्या दिवशी प्रत्येकानं घरचं अवजार आणायचं होतं. कुणी विळा, कुणी टिकाव. मी कुळवाची पास नेली होती. घण दोघी पोरींनी आळीपाळीनं घातला, माझ्यापेक्षा नेमका.

वर्गानं काय होतं आणि काय होत नाही

खरं सांगायचं तर पाच दिवसांत कुणी लोहार होत नाही. जॉन डिअरला चार वर्षं लागली, गावच्या लोहाराच्या पोराला दहा. पाच दिवसांत तीन गोष्टी होतात. लोखंड ओळखता येतं, खुरपं-विळा-छिन्नी एवढी घरची डागडुजी जमते, आणि कारागिराच्या कामाची किंमत कळते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. आपण खुरपं पाजवायचे दहा रुपये देतानाही घासाघीस करतो. एकदा स्वतः तासभर भट्टीपुढं उभं राहिलं की ती घासाघीस तोंडातून निघत नाही.

पुढचं शिकायला जुना माणूस आणि रोजचं काम लागतं. काकांनी शेवटी सांगितलं, की दोघं तरी नियमानं येणार असतील तर भट्टी चालू ठेवतो, नाहीतर पावसाळ्यानंतर ऐरण विकतो. भंगारवाला येऊन वजन विचारून गेलाय. आमच्या भागातल्या तीन ऐरणी अशाच किलोवर गेल्यात. ऐरण एकवेळ परत विकत आणता येईल, पण तिच्यापुढं बसणारा परत आणता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं.

शेतकऱ्यांनी: गावात किंवा जवळपास लोहार असेल तर आपलं काम त्याच्याकडंच न्या आणि रोख, वाजवी मजुरी द्या. काम चालू असताना समोर उभं राहा, घण मारा, विचारा. पोरांना आणि पोरींना घेऊन जा.

कृषी विज्ञान केंद्र आणि कृषी खात्यातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना विनंती: ठिबकचे, फवारणीचे वर्ग घेता तसा खरिपाच्या आधी अवजारांचा वर्ग घ्या. तो सभागृहात नको, लोहाराच्या भट्टीवरच घ्या. लोहाराला मजूर म्हणून नाही, शिक्षक म्हणून मानधन द्या. वर्ग सगळ्या जातींच्या पोरापोरींसाठी उघडा ठेवा, पण शिकवणाऱ्याचा मान त्याच्याकडंच राहू द्या. पूर्वी विद्या त्याची आणि हुकूम आपला, असं चाललं. तसं परत नको.

ग्रामपंचायतींनी: एक छप्पर, एक भट्टी, एक ऐरण. सामाईक. भंगारात जाणारी ऐरण भंगाराच्या भावानं पंचायतीनं घेतली तरी सुरुवात होते.

आम्ही दोघं जण सध्या दर बुधवारी काकांकडं जातो. लोहाराच्या घरातला तो पोरगा सुट्टी मिळेल तेव्हा येतो. ऐरण अजून जागेवर आहे. तुमच्या गावात भट्टी पेटते का, तिच्यावर कोण आहे आणि त्याच्याकडून कोण शिकतंय, ते जरूर लिहून कळवा.